रेडिओचं बटण कुणाच्या हाती?



एरवी या पानावर आपण डाळींना पोरकिडे लागू नयेत म्हणून काय करावं, जुन्या साड्यांच्या गोधड्या कशा शिवाव्यात, असल्या गोष्टी बोलतो. आजचा विषय जरा लांबचा आहे. थेट बांगलादेशातला. पण वाचता वाचता तो तुमच्या-माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येतो की नाही बघा. नाहीच आला, तर पत्र लिहून खुशाल रागवा.

बांगलादेशाच्या नकाशात अगदी खाली, दक्षिणेला, शेपटीसारखी एक चिंचोळी पट्टी समुद्रात उतरलेली दिसते. तिच्या टोकाशी टेकनाफ नावाचं गाव आहे. एका अंगाला बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला नाफ नदी. नदीपलीकडे ब्रह्मदेश, म्हणजे आताचं म्यानमार. या नदीचंच नाव घेऊन २०११ साली टेकनाफला एक लहानसं नभोवाणी केंद्र सुरू झालं. रेडिओ नाफ, एफ. एम. ९९.२. सरकारी नव्हे, आणि गाण्यांच्या मध्ये जाहिराती कोंबणारं व्यापारीही नव्हे. 'ॲक्लॅब' नावाच्या तिथल्याच एका सेवाभावी संस्थेने ते काढलं.

अशा केंद्रांना सामुदायिक नभोवाणी म्हणतात. आपल्याकडेही आहेत. सरकारने २००६ साली सेवाभावी संस्थांना अशी केंद्रं काढायची परवानगी दिली, आणि सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ पासून बायकांनी बायकांसाठी चालवलेलं 'माणदेशी तरंग' आहेच. या केंद्रांचा आवाज फार लांब जात नाही. बांगलादेशात साधारण सतरा किलोमीटर, आपल्याकडे दहा-बारा. म्हणजे एका तालुक्याच्या आतबाहेर. बोलणारी माणसं गावातली, बोली गावातली. सकाळी बाजारात मासे घेताना भेटलेली मुलगी संध्याकाळी रेडिओवर बोलते. ऐकणाऱ्याला वाटतं, अगं, ही तर आपलीच! सारी गंमत त्यातच आहे.

तर असं हे केंद्र पाच-सहा वर्षं बिनबोभाट चाललं. मासेमारी, मिठागरं, शाळा, वादळाच्या सूचना, थोडी गाणी. आणि मग २०१७ चा ऑगस्ट आला.

त्या महिन्याच्या २५ तारखेनंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातल्या रोहिंग्या लोकांची गावं जळू लागली. टेकनाफच्या काठावरून पलीकडचा धूर दिसत होता. होड्यांतून, चिखलातून, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन माणसं अलीकडे येऊ लागली. काही महिन्यांत सात लाखांवर आली. त्याआधी १९७८ साली आणि १९९१-९२ साली असेच लोंढे येऊन गेले होते, त्यांतले काही तिथेच राहिले होते. सगळे धरून दहा लाखांच्या वर माणसं उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांतल्या तेहतीस छावण्यांत दाटीवाटीने राहू लागली. निम्म्याहून अधिक बायका आणि मुली, निम्मी अठरा वर्षांच्या आतली. कुटुपालोंगची छावणी जगातली सर्वांत मोठी निर्वासितांची वस्ती समजली जाते. घर म्हणजे बांबूचा सांगाडा आणि त्यावर ताडपत्री. पक्कं काही बांधायची परवानगी नाही. डोंगर तासून केलेल्या पायऱ्यांवर एकाला एक लागून झोपड्या. एकीत फोडणी दिली की चार झोपड्यांत ठसका!

आता मला सांगा, अशा झोपडीतल्या बाईला बातमी कशी कळायची?

पुरुषांचं बरं असतं. ते मशिदीत जातात, चहाच्या टपरीवर बसतात, धान्याच्या रांगेत उभे राहतात. कर्णा घेऊन सूचना देत फिरणारा स्वयंसेवक त्यांना रस्त्यात भेटतो. बाई पडद्यातली. परक्या मुलखात, अनोळखी गर्दीत तर पडदा आणखीच घट्ट होतो. संडासाला जायचं तर अंधार पडेपर्यंत थांबायचं. आणि थांबायला लागू नये म्हणून दिवसभर पाणीच कमी प्यायचं. असल्या गोष्टी त्या छावण्यांतल्या बायकांनी मदतीला आलेल्या भगिनींना सांगितल्या आहेत. पाटीवर लिहावं तर वाचता येणाऱ्या थोड्या. बाहेर जे कळलं ते नवरा घरी येऊन सांगेल तेवढं, आणि सांगेल तेव्हा. नवरे घरी येऊन किती सांगतात ते तुम्हाला ठाऊक आहे. "काय म्हणाले हो मीटिंगमध्ये?" "काही नाही, नेहमीचंच." झालं!

२०१७ च्या नोव्हेंबरात 'इंटरन्यूज' या संस्थेने छावण्यांत पाहणी केली. तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोक म्हणाले, आम्हाला पुरेशी माहितीच मिळत नाही, मग पुढचं ठरवायचं कसं? अन्न नाही, पाणी नाही हे समजू शकतं. पण माहिती नाही ही तक्रार इतक्या जणांची असावी? मला आधी नवल वाटलं. मग वाटलं, यात नवल ते काय? टँकर कुठे येणार, दवाखाना कुठल्या टेकडीवर, लस कशासाठी टोचतात, हरवलेलं मूल कुठे नेऊन ठेवतात, हे ठाऊक नसेल तर दारात आलेली मदतही बाईच्या हाती लागत नाही.

आणि माहिती न पोचणं जिवावर बेतू शकतं, हे त्या किनाऱ्याला पूर्वीच कळलेलं आहे. २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगाँग आणि कॉक्स बझारच्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आलं. सुमारे एक लाख अडतीस हजार माणसं गेली. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा वीस ते चव्वेचाळीस वयाच्या पुरुषांत हजारी पंधरा दगावले होते, आणि त्याच वयाच्या बायकांत हजारी एकाहत्तर. जवळजवळ पाचपट! म्हातारपण नाही, दुखणं नाही, ऐन उमेदीच्या बायका. का बरं? सूचना तर रेडिओवर दिली जात होती. पण ती शुद्ध पुस्तकी बंगालीत, आणि धोक्याचा इशारा क्रमांक अमुक अशा आकड्यांत. ते आकडे मुळात बंदरातल्या जहाजांसाठी केलेले. घरातल्या बाईला त्यावरून काय उमजणार, की आता पोरांना घेऊन निघायचं की गुरं सोडायची? शिवाय घर सोडून कसं जायचं, यांना विचारल्याशिवाय कसं जायचं, परपुरुषांच्या गर्दीत निवाऱ्याला कसं बसायचं. अंगावर साडी, कडेवर मूल, पोहता येत नाही. थांबल्या, आणि पाणी आलं.

हा आकडा मी मुद्दाम लिहिला. रेडिओ म्हणजे करमणूक, वेळ घालवायचं साधन, असं आपण धरून चालतो. त्या किनाऱ्यावर तसं म्हणून चालत नाही.

तर २०१७ च्या अखेरीस रेडिओ नाफने एक अर्ध्या तासाचा साप्ताहिक कार्यक्रम लावायला सुरुवात केली. बी. बी. सी.ची 'मीडिया ॲक्शन' ही धर्मादाय संस्था त्याच्या निर्मितीत होती. नाव 'बेग्गुनोर लाइ'. त्याचा अर्थ 'सगळ्यांसाठी'. भाषा कुठली ठेवावी हा मोठा प्रश्न होता. रोहिंग्या लोकांची बोली स्वतंत्र आहे, पण ती टेकनाफ-चितगाँगकडच्या बोलीची सख्खी बहीण. ढाक्याची शुद्ध बंगाली मात्र त्यांना परकी वाटते. बंगालीतली 'कोथा' म्हणजे बोलणं, आपला 'कथा' हाच शब्द, इकडे 'होथा' होतो. 'पानी'चं 'फानी' होतं. मालवणातल्या आजीला पुण्याच्या डॉक्टरीणबाई छापील मराठीत पथ्य सांगू लागल्या तर आजी मान डोलावते, पण घरी येऊन सुनेला विचारते, "काय सांगितल्यान गो?" तसंच काहीसं. केंद्राने चितगाँगकडची बोली धरली. निर्वासितांना कळते आणि गावकऱ्यांनाही आपली वाटते.

शब्दांची आणखी एक गोष्ट सांगते, ती वाचून मी थबकले. मदतीला आलेल्या संस्थांना बायकांच्या मासिक पाळीविषयी बोलायचं होतं. कापड, साबण, वाळवायला आडोसा काय हवं, ते विचारायचं होतं. दुभाषे बंगाली शब्द वापरीत. रोहिंग्या बायका मात्र त्याचं नाव सरळ घेत नाहीत. त्या म्हणतात 'गुसोल', म्हणजे न्हाणं. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटणार, बाई आंघोळीच्या सोयीविषयी बोलते आहे. तो आपला न्हाणीघराची नोंद करून मोकळा! पण तुम्हाला-मला हे समजावून सांगावं लागेल का? आपल्याकडेही मुलीला 'न्हाण आलं' असंच म्हणत आले. बाहेरची आहे, कावळा शिवला, अडचण आहे... किती आडवळणं! हजार मैलांवरची ती बाई आणि आपल्या आज्या एकच शब्द वापरत होत्या. तो शब्द ज्याला कळतो त्यालाच ती बाई काय मागते आहे ते कळणार. बायकांनी एकत्र बसावं, बोलावं म्हणून छावण्यांत ज्या जागा केल्या त्यांचं नावही किती साधं पडलं आहे. 'शांतीखाना'.

कार्यक्रमात काय असे? लोकांनी विचारलेले प्रश्न, डॉक्टरांची किंवा जाणकारांची उत्तरं, छावणीतल्या माणसांचे अनुभव. प्यायचं पाणी, तान्ह्या मुलांचं आजारपण, लशी, पावसाळ्याची तयारी, मुलींची सुरक्षितता. म्हणजे आपल्या या पानावर जे असतं तेच की! फक्त तिथे एकेका उत्तरावर फार काही अवलंबून होतं. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात छावण्यांत घटसर्पाची साथ आली. आपल्याकडे त्रिगुणी लशीमुळे घटसर्प पुष्कळ कमी झाला. तिथल्या मुलांना म्यानमारमध्ये लशी धड मिळालेल्याच नव्हत्या. टोचणारी माणसं आली तर त्यांच्याआधी वावड्या पोचलेल्या, लस टोचली की धर्म बदलतो म्हणून! अशा वेळी पत्रक वाटून काय उपयोग? आपल्या बोलीतला, ओळखीचा वाटणारा आवाज हवा, तोही पुन्हा पुन्हा. एकदा सांगून आईची भीती जात नाही. शेजारणीने टोचून घेतलं, तिच्या पोराला काही झालं नाही, हे तिच्याच तोंडून ऐकलं की जाते.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, वा, छान झालं. थांबा. अडचणी पुष्कळ होत्या.

पहिली म्हणजे रेडिओच नव्हते. जळत्या घरातून निघालेलं माणूस पोर उचलील की ट्रान्झिस्टर? दुसरी, टेकनाफच्या छोट्या केंद्राचा आवाज जवळच्या छावण्यांपर्यंत पोचे. कुटुपालोंग उत्तरेला दूर, मधे डोंगर. तिकडे कॉक्स बझारच्या सरकारी केंद्रावरून, किंवा ध्वनिमुद्रण नेऊन ऐकवायचं. आणि तिसरी अडचण, जिला मी सर्वांत मोठी म्हणेन. घरात संच आला तरी त्याचं बटण कुणाच्या हाती?

हसू नका. आठवून बघा. आपल्या घरात रेडिओ होता तेव्हा दुपारी मंडळी कामावर आणि मुलं शाळेत गेल्यावरच तो आपला होत असे. मुंबई आकाशवाणीचं 'वनिता मंडळ' दुपारचं असायचं ते उगाच नव्हे. संध्याकाळी बातम्या यांच्या, क्रिकेट मुलांचं. आता दूरदर्शन संच आला, मोबाइल आला, तरी रिमोट शोधावा लागतो तो सोफ्याच्या दुसऱ्या टोकालाच! तिथे तर सबंध वस्तीत चार-दोन संच. ते पुरुषांच्या हाती जाणार हे उघड आहे.

यावर त्यांनी काढलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. श्रोतामंडळं केली, बायकांची वेगळी आणि पुरुषांची वेगळी. एखाद्या झोपडीत पंधरा-वीस जणी जमायच्या, एक कार्यकर्ती संच किंवा ध्वनिमुद्रण लावायची. ऐकायचं, मग बंद करून बोलायचं. कळलं का? पटलं का? तुझ्याकडे असं झालं होतं का? आणि जे कळलं नाही, जे विचारायचं आहे, ते ती कार्यकर्ती लिहून घेऊन परत केंद्राकडे पोचवणार. पुढच्या कुठल्या तरी आठवड्यात त्याचं उत्तर. म्हणजे रेडिओ नुसता बोलत नाही, ऐकतोही. दोन घरच्या बायका कारणाशिवाय एकत्र बसल्या तर कुचाळक्या करतात असं म्हणणारे सगळीकडेच असतात. "रेडिओ ऐकायला चालले" हे कारण मात्र घरात चालतं. आपल्या भिशीचं आणि भजनी मंडळाचं तरी दुसरं काय आहे?

सासू-सुना एकत्र बसून मुलाच्या जुलाबाविषयी ऐकतात, याचा उपयोग एकट्या सुनेने ऐकण्यापेक्षा दसपट. एकट्या सुनेने ऐकलं तर घरी येऊन ती सासूला शिकवायला जाणार, आणि पुढे काय होतं ते आपण जाणतोच.

आता 'सगळ्यांसाठी' या नावाविषयी. रेडिओ नाफ मूळचा गावकऱ्यांचा. टेकनाफचे लोकही काही सुखवस्तू नाहीत. कोळी, मीठ पिकवणारे, मजूर. २०१७ च्या ऑगस्टपासून नाफ नदीत मासेमारीला बंदी आली, कोळ्यांची चूल थंडावली. रानातलं लाकूड छावण्यांनी जाळलं, मजुरीचे दर पडले, रस्त्यांवर ट्रकांची रांग. आरंभी याच गावकऱ्यांनी भाताची भांडी घेऊन आलेल्यांना वाढलं होतं. पण पाहुणा वर्षानुवर्षं राहिला की घर कुरकुरतं; हे माणुसकी कमी असल्याचं लक्षण आहे असं मला वाटत नाही. अशा वेळी गावचा रेडिओ फक्त पाहुण्यांशी बोलू लागला असता, तर गावाने कान फिरवला असता. म्हणून 'बेग्गुनोर लाइ'. पुढे 'पालोंगोर होथा' नावाचा आणखी एक कार्यक्रम निघाला. त्यात रोहिंग्या तरुण-तरुणी आणि उखियाकडची स्थानिक मुलंमुली मिळून ध्वनिमुद्रणं करायची. जर्मनीच्या 'डॉइच वेले अकादमी'ने त्यांना शिकवलं. यंत्र खांद्याला लावून निर्वासितांची मुलगी प्रश्न विचारते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. तिच्या आईला आवाज चढवायची बंदी होती.

तरीही खरं ते सांगायला हवं. हा रेडिओ निर्वासितांचा स्वतःचा नव्हे. परवाना बांगलादेशी संस्थेचा, पैसा परदेशी देणगीदारांचा, आणि काय बोलावं काय नाही याला सरकारची चौकट. श्रोतामंडळांत जो प्रश्न फिरून फिरून येतो, "आम्ही घरी कधी जाणार?", त्याचं उत्तर कुठल्याच स्टुडिओत नाही. म्यानमारने १९८२ च्या कायद्याने त्यांना नागरिकांतून वगळलं ते वगळलंच. पाण्यात क्लोरीनची गोळी किती टाकावी हे रेडिओ सांगू शकतो. तो जे सांगू शकत नाही ते त्या बायकांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मदतीचा पैसाही आटतो. २०२३ साली माणशी महिन्याचं अन्न बारा डॉलरांवरून आठ डॉलरांवर आणलं गेलं होतं. ते पुढे वाढवलं, पण २०२५ साली अमेरिकेने परदेशी मदतीचा हात आखडल्यावर पुन्हा कित्येक कामांना कात्री लागली. धान्य कमी पडतं तिथे रेडिओला कोण पैसे देणार, हा विचार येतोच. यावर माझं मत विचाराल तर असं आहे की, दोन्हींत निवड करायला लावणं हेच वाईट.

सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने छावण्यांतलं मोबाइलचं वेगवान इंटरनेट बंद केलं. ते सुरू झालं ऑगस्ट २०२० च्या अखेरीस. म्हणजे करोनाची साथ सुरू झाली ते सगळे महिने छावण्या त्याविना होत्या. जगभर लोक मोबाइलवर करोनाच्या खऱ्या-खोट्या बातम्या वाचून घाबरत होते, आणि इथे दहा लाख माणसांना हात धुवा, गर्दी करू नका, हे सांगायला कर्णे, घरोघर जाणारे स्वयंसेवक आणि रेडिओ एवढंच उरलं. मला वाटतं, त्या वर्षी पुष्कळांना कळलं असेल की जुनं साधन टाकून द्यायची घाई करू नये.

मे २०२३ मध्ये 'मोखा' चक्रीवादळ त्या किनाऱ्याकडे निघालं. पक्का निवारा नाही, छावणी सोडून जायची मुभा नाही. मग सांगायचं काय? छप्पर दोरांनी बांधा, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळा, दरडीखालच्या झोपड्या सोडा, म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायकांना आधी हलवा. वादळ जवळ येतं तसे एक, दोन, तीन लाल झेंडे चढतात. पण झोपडीच्या आतून झेंडा दिसत नाही, कानावर पडलं तरच कळतं. १४ मेला वादळ किनाऱ्यावर आलं ते म्यानमारच्या बाजूला, सित्वेजवळ. छावण्यांतल्या हजारो झोपड्यांची मोडतोड झाली, पण ज्या प्राणहानीची धास्ती होती ती टळली. श्रेय सगळं रेडिओचं नव्हे. वादळाने वाट बदलली हे दैव. आणि गावोगावचे प्रशिक्षित स्वयंसेवक, ज्यांत आता बायकाही मोठ्या संख्येने आहेत, ते १९७२ पासून उभं केलेलं काम. पण १९९१ च्या त्या रात्रीपेक्षा निदान एवढा तरी फरक होता की, काय करायचं ते बाईला तिच्या बोलीत सांगितलं गेलं होतं.

जाता जाता एक आठवण. १९७१ साली पूर्व बंगालातून एक कोटी निर्वासित भारतात आले तेव्हा आपण प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावत होतो. तुमच्यापैकी थोरल्यांना आठवत असेल. त्या लढ्यातला त्यांचा रेडिओ, 'स्वाधीन बांगला बेतार केंद्र', सुरू झाला चितगाँगजवळच्या कालुरघाटाहून, आणि तिथे बाँब पडल्यावर पुढे कलकत्त्याहून बोलत राहिला. घरदार सुटलेल्या माणसाला आपल्या भाषेतला आवाज ऐकू येणं म्हणजे काय, हे त्या देशाला कुणी शिकवायला नको होतं.

आता आपल्या उंबऱ्याशी येते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगराच्या बाजूने कोकणात शिरलं. वीज गेली ती काही गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. मोबाइलचे मनोरे बंद. मुंबई-पुण्याच्या लेकीसुना माहेरचा आवाज ऐकायला तळमळत होत्या, आणि तिकडे घरात बसलेल्यांना शेजारच्या गावात काय झालं तेही कळत नव्हतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हाही तीच गत. म्हणून विचारते, तुमच्या घरात आज सेलवर चालणारा एक तरी रेडिओ आहे का? मोबाइलवर भरवसा ठेवू नका. पुष्कळ नव्या मोबाइलमध्ये एफ. एम.ची सोयच नसते. सरकारने २०२३ साली कंपन्यांना ती ठेवायची सूचना केली, ती अशाच प्रसंगांसाठी. आणि असली तरी बहुतेकांत कानाची वायर लावल्याशिवाय ते लागत नाही.

साधा ट्रान्झिस्टर फार महाग नाही. घेताना दुकानातच सेल घालून, मध्यम लहरी आणि एफ. एम. दोन्ही लावून बघा. घरी आल्यावर आकाशवाणीचं कुठलं केंद्र तुमच्याकडे स्वच्छ लागतं ते दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा तपासा. तो आकडा जाड अक्षरात कागदावर लिहून संचाच्या पाठीला चिकटवून टाका, म्हणजे अंधारात चाचपडायला नको. सेल संचात घालून ठेवू नका. पडून राहिले की त्यांना पाझर फुटतो आणि आतल्या पट्ट्या गंजतात. कोरड्या डब्यात मेणबत्ती-काडेपेटीशेजारी ठेवा आणि दर पावसाळ्याआधी बदला. काढलेले सेल घड्याळात चालतात. संच कपाटावर उंच नको. जिथे तुमचा हात पोचेल आणि घरातल्या सासूबाईंचाही, अशा जागी ठेवा, आणि तो लावायचा कसा हे दोघींनी एकदा वीज घालवून, दिवे मालवून करून बघा.